पोपटाचा श्वास

त्याला सगळे कवळीकार म्हणायचे, आणि पाठीमागे नाही, थेट तोंडावर म्हणायचे. धंदाच तोंडाचा होता. बत्तीस वर्षं तो लोकांच्या कवळ्या करत आला होता. निम्म्या शहराचं हसू त्याच्या टेबलावर घडलेलं, आणि उरलेलं निम्मं शहर आज ना उद्या त्याच्याकडेच येणार, त्यामुळे त्याला कसली घाई नसायची. "जगाला दात वाटतो आणि स्वतः कधी दात काढत नाही," असं त्याची बायको म्हणायची. बायको मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून तिची मरणाची भीती पार गेली होती, आणि जिची मरणाची भीती गेली तिच्या जिभेला कसला लगाम?

तर या कवळीकाराला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पोपटाची आठवण झाली.

पोपट म्हणजे पक्षी नव्हे. तो चौदा वर्षांचा असताना घराघरांत एक कॉम्प्युटर आला होता. हिरवं प्लॅस्टिक, रबराची बटणं, चित्र काळंपांढरं. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, पाच मिनिटं किरकिर ऐकायची, की एक खेळ सुरू व्हायचा. बहुतेक वेळा व्हायचा नाही. कंपनीनं त्याला अक्षरं-आकड्यांचं कसलंसं भारदस्त नाव दिलं होतं, पण रंग हिरवा आणि आपण टाइप करू तेच पडद्यावर परत बोलून दाखवायची खोड, म्हणून लोकांनी परस्पर त्याला पोपट करून टाकलं. तीन वर्षांत कंपनी बुडाली. कवळीकाराचा पोपट वडिलांनी एका सकाळी भंगारवाल्याला दिला, आणि मुलानं विचारलं तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "उडाला."

हा एक शब्द जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्या घशात अडकून होता. वडील गेले, लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि रिकाम्या झालेल्या खोलीत एका दुपारी त्यानं ठरवलं की पोपट पुन्हा करायचा. विकत मिळत नाही ना? मग हातानं करायचा. त्यानं आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? माणसाचं जे पडून गेलं ते हुबेहूब करून परत बसवायचं, एवढंच.

प्रोसेसर जुन्या मालात मिळाला. मेमरी मिळाली. रबराची बटणं त्यानं कवळीच्या साच्यात ओतली, आणि ती मूळ बटणांपेक्षा चांगली झाली. घोडं अडलं ते मधल्या चिपपाशी. पोपटाच्या बोर्डावर मधोमध एक मोठी चिप असायची. टीव्हीवर चित्र काढायचं, वेळ मोजायची, मेमरीपाशी कोणी कधी जायचं ते ठरवायचं, सगळा कारभार तिच्याकडे. ती कंपनीनं खास घडवून घेतलेली, आणि कंपनीबरोबरच ती गेली.

पण आता बाजारात कोरी चिप मिळते. तिच्यात हजारो चिमुकली दारं असतात, फक्त कुठलं दार कशानं उघडायचं हे ठरलेलं नसतं. ते आपण लॅपटॉपवर लिहायचं, वायरीतून चिपमध्ये ओतायचं, की चिप तशी वागायला लागते. चुकलं तर पुसायचं, परत लिहायचं. "संसारात ही सोय ठेवली असती तर मी किती ठिकाणी पुसलं असतं," बायको म्हणाली. कवळीकारानं दोन वर्षं पुस्तकं वाचली, तीनशे वेळा पुसलं, आणि अखेर एका सकाळी टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्यानं आपलं नाव टाइप केलं. पोपटानं ते परत बोलून दाखवलं आणि खाली लिहिलं, "समजलं नाही." कवळीकाराच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, "तीस वर्षं मी हेच म्हणते, तेव्हा नाही आलं."

इथवर सगळं झकास चाललं होतं. पुढे महंत आडवा आला.

पोपटाचे भक्त जगात अजून होते. या शहरात चाळीसेक निघाले. सरासरी वय साठ, सरासरी केस शून्य. दर तीन महिन्यांनी ते वाचनालयाच्या वरच्या सभागृहात जमायचे. त्यांचा म्होरक्या भूगोलाचा निवृत्त प्राध्यापक होता, आणि त्याला सगळे महंत म्हणायचे. कारण त्याच्याकडे अस्सल, कारखान्यातून आलेला, चालू पोपट होता. काचेच्या पेटीत. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा महंताचा होता. पेटी तो दुसऱ्याच्या हातात देत नसे, उघडू देणं तर लांबच. सभेत पाच मिनिटं पोपट चालू करायचा, सगळ्यांनी बघायचं, की बंद.

त्या पाच मिनिटांत लोक काय बघायचे? श्वास बघायचे. अस्सल पोपटाच्या पडद्यावर दर दहा सेकंदांनी सगळ्यांत खालची ओळ, तीही फक्त उजवीकडची अर्धी, एक क्षण थरथरायची. डोळ्याला जेमतेम कळेल इतकीच. महंतानं त्याचं नाव ठेवलं होतं श्वास, आणि त्यावर चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं असं, की ज्या इंजिनियरनं ती चिप घडवली तो असामान्य बुद्धीचा होता, आणि दर दहा सेकंदांनी चिप आपला सगळा भार एका क्षणासाठी खाली ठेवते. ही त्याची गुप्त किमया. ती कुणाला उलगडली नव्हती. महंताला पण नाही, पण त्यानं ते चाळीस पानांत सांगितलं होतं.

कवळीकार आपला पोपट घेऊन सभेला गेला. महंतानं स्टॉपवॉच काढलं. दहा सेकंद गेले, वीस गेले, मिनिट गेलं. खालची ओळ दगडासारखी स्थिर.

"मेलेला आहे," महंत म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

कवळीकारानं घरी येऊन श्वास घातला. घातला म्हणजे काय, दर दहा सेकंदांनी ओळ हलवायची असं चिपमध्ये लिहून टाकलं. पुढच्या सभेत महंतानं पोपटाचं घड्याळ शून्यावर आणायची आज्ञा दिली. अस्सल पोपटाचा श्वास अशा वेळी शून्यापासून नव्यानं मोजायला लागतो. कवळीकाराचा आपल्याच तालात चालत राहिला. "हा श्वास नाही, ही उचकी आहे," महंत म्हणाला, आणि लोक हसले. कवळीकारानं ते दुरुस्त केलं, तर ओळ भलत्याच ठिकाणापासून हलायला लागली. एक भोक बुजवावं तर दुसरं पडावं. कवळी तोंडात बसत नसेल तर कुठं टोचतंय ते माणूस सांगतो, आपण तेवढंच घासतो. इथं घासायचं कुठं तेच कळत नव्हतं. चार महिने गेले. माणूस चिडचिडा झाला. एका आजोबांच्या कवळीत त्यानं डावी दाढ उजवीकडे बसवली.

"एका ओळीच्या थरथरीपायी तुम्हीच थरथरायला लागलाय," बायको म्हणाली. "ब्रेक दाबा आता."

पण ब्रेक दाबायच्या आत विहीणबाई आल्या.

विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई. सत्तरीला टेकलेल्या, ताठ, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी दोन्ही घरांची बोलणी अजून कोर्टात साक्ष दिल्यासारखी चालायची. "बसा ना." "बसलेच आहे." "चहा?" "आत्ताच झाला." लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, आईंची खालची कवळी सैल झालीय. त्या तुमच्याकडेच येणार म्हणतायत. नीट वागा. ते पोपट-बिपट काढू नका."

मंगळवारी सकाळी विहीणबाई एकट्याच बसनं आल्या. बायकोनं ठेवणीतले कप काढले, चार वाक्यं बोलली, आणि शिकाऊ वाट बघतोय म्हणून सुटली. कवळीकार त्यांना खालच्या कामाच्या खोलीत घेऊन आला. एका भिंतीला प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, दुसऱ्या भिंतीला टेबलावर पोपट, उघडा, बोर्ड दिसतोय, टीव्ही चालू. त्यानं गुलाबी लगदा कालवला, ठशाच्या चमच्यात भरला, आणि विहीणबाईंच्या तोंडात दाबून धरला.

"चार मिनिटं. बोलायचं नाही. नाकानं श्वास घ्या."

चार मिनिटं विहिणीसमोर गप्प बसणं ही काय चीज आहे, ते ज्यांना विहीण आहे त्यांनाच कळेल. पहिल्या अर्ध्या मिनिटात कवळीकाराला दरदरून घाम फुटला, आणि कधी नव्हे तो बोलत सुटला. लेकीनं काढू नका म्हटलेलं नेमकं तेच निघालं. हा एक जुना कॉम्प्युटर, याला पोपट म्हणायचे, मी पुन्हा केलाय, पण याची खालची ओळ दर दहा सेकंदांनी हलायला हवी ती हलत नाही, कारण मधल्या चिपमध्ये त्या इंजिनियरनं काय किमया केली होती कोण जाणे...

"हं!" विहीणबाई म्हणाल्या.

"हो, मोठा माणूस होता म्हणतात."

"हं हं! हंऽ!"

"गुदमरतंय का? नाकानं, नाकानं घ्या."

विहीणबाईंनी त्याचा हात झटकला, टेबलावरची पेन्सिल उचलली, आणि एका पाकिटाच्या पाठीवर काहीतरी काढलं. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं गोल असा एक आकार, आणि सपाट बाजूला दोन रेघा. मग दोनपैकी एका रेघेवर त्यांनी जोरात फुली मारली आणि पाकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

कवळीकारानं निरखून पाहिलं. "दाढ," तो म्हणाला. "खालची, दोन मुळांची. एक मूळ दुखतंय?"

विहीणबाईंनी डोळे मिटले. उरलेली दोन मिनिटं त्या छताकडे बघत बसल्या. लगदा तोंडातून निघाला, त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "दाढ नाही व्याही, दार आहे. दोन तारा आत येतात. दोन्ही हो म्हणाल्या तरच उघडायचं. त्यातली एक तार नाहीच आहे."

"कशात नाही?"

"तुमच्या पोपटात. माझ्याकडूनच काढायची राहिली."

कवळीकार उभा होता तो स्टुलावर बसला. स्टुलावर आजोबांची कवळी होती, ती चावली, तरी उठला नाही.

विहीणबाई त्या कंपनीत ट्रेसर होत्या. लग्नाआधीची गोष्ट, लेकीला माहीत नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं. इंजिनियर पेन्सिलीनं चिपचा नकाशा काढायचे, आणि त्या टेबलाएवढ्या पारदर्शक कागदावर शाईनं तो रेघ न् रेघ उतरवायच्या. त्यावरून पुढे चिप घडायची. पोपटाच्या चिपचे सहा कागद होते. पाचवा कागद शनिवारी संपवायचा होता.

"आणि शनिवारी फाटकापाशी एक माणूस उभा होता," त्या म्हणाल्या. "सिनेमाची तिकिटं घेऊन. घड्याळाकडे बघत. मी खिडकीतून त्याच्याकडे बघत. उजवीकडून तिसरं दार, त्याची दुसरी तार राहिली. त्याच्यापायी राहिली, आणि पुढं लग्न करून बघितलं तर माणूसही तसा काही खास निघाला नाही. बरा होता. पण रेघ चुकावी असा नव्हता."

"म्हणजे आमच्या जावयाचे वडील?"

"तेच."

चिपा घडून आल्या तेव्हा खालची ओळ हलताना दिसली. साहेबांनी, म्हणजे त्या इंजिनियरनं, अर्ध्या तासात कारण शोधलं. पोपटाचं घड्याळ भरलं की ते शून्यावर यायला एक ठोका सुटतो. तो ठोका पडद्यावरचं चित्र काढून संपलं असेल तरच सोडायचा. संपलं हे सांगणारी तारच नसल्यामुळे तो शेवटच्या ओळीच्या मध्यावर सुटायचा, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीला धक्का बसायचा. साहेब पाचवा कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले. तिनं पाहिलं, आणि राहिलेली रेघ तिला लगेच दिसली. घरी तिच्या पगारावर चार माणसं होती.

"ते म्हणाले, तुझी एक चूक झाली. पण हा कागद मी तपासून सही केली, मला दिसली नाही. म्हणजे चूक माझी. हजारो चिपा झाल्यात. ओळ हलली तर हलली, माणसं खेळताना वर बघतात, खाली कोण बघतो? आणि कागद गुंडाळून निघून गेले. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही. मी मात्र दोन वर्षं रोज रात्री ती रेघ काढत होते, डोळे मिटून."

 कवळीकाराला महंताची चाळीस पानं आठवली. असामान्य बुद्धी, गुप्त किमया, खाली ठेवलेला भार. मग तो लॅपटॉपकडे वळला. चार महिन्यांत घातलेले सगळे नकली श्वास त्यानं पुसून टाकले. घड्याळ शून्यावर आणायच्या ठिकाणी दोन अटी लिहिलेल्या होत्या. शहाण्या माणसासारख्या त्यानंच लिहिलेल्या. त्यातली एक खोडली. चिपमध्ये ओतलं. दोघं पडद्याकडे बघत बसली.

नवव्या सेकंदाला विहीणबाईंनी पदर घट्ट धरला. दहाव्याला खालची ओळ उजवीकडे थरथरली.

त्यानं बायकोला फोन लावला. "हललं!"

"काय हललं? मी चौकात आहे!"

"ओळ हलली! बिघडलं! अगदी बरोबर तसंच बिघडलं!"

पलीकडून शिकाऊ माणसाची किंकाळी ऐकू आली, आणि फोन बंद झाला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कवळी तयार व्हायला आठवडा लागायचा होता, आणि पुढच्या मंगळवारी विहीणबाई आल्या त्या बगलेत कागदाची लांब गुंडाळी घेऊनच.

"सातवा आणि आठवा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणालात सहाच कागद होते."

"घडले सहा. काढले आठ. सातव्यावर आठ रंग होते आणि आठव्यावर तीन सुरांचा आवाज. चिप लहान पाहिजे म्हणून वरच्यांनी दोन्ही कागद काढून टाकले. साहेबांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. मला सगळं आठवत नाही, पण निम्मं आठवतं, आणि निम्मं तुम्ही डोकं चालवा. तुमच्या त्या कोऱ्या चिपमध्ये जागा आहे ना?"

जागा होती, पोत्यानं होती. पण कवळीकार कचरला. रंगीत पोपट? मंडळाच्या नियमावलीत पहिलंच कलम होतं, मुळात नव्हतं ते घालायचं नाही. महंत सभेतून हाकलून देईल.

"व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या महंतांनी पोपट पाहिलाय. मी अंडं पाहिलंय."

कवळीकारानं टेबल मोकळं केलं. मंगळवार आणि गुरुवार ठरून गेले. त्या पट्टी धरून कागदावर दारं काढायच्या, तो ती लॅपटॉपवर लिहून घ्यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लॅपटॉपही ओढून घेतला, कारण हा फार हळू टाइप करतो. भांडणं कडाक्याची व्हायची. तो म्हणायचा हा रंग असा निघणारच नाही. त्या म्हणायच्या साहेबांनी काढला होता. तो म्हणायचा साहेबांचा निघाला होता हे कुणी पाहिलं? मग दोघं दहा मिनिटं बोलायची नाहीत, आणि अकराव्या मिनिटाला त्यालाच कुठं चुकलं ते सापडायचं. आवाज आला तेव्हा पहिले दोन दिवस तो दाराच्या बिजागरीसारखा आला. ठेवणीतले कप केव्हाच कपाटात परत गेले होते. विहीणबाई प्लास्टर कालवायच्या मगमध्ये चहा प्यायल्या, एकदा चुकून, आणि मग मुद्दाम. शुक्रवारी लेकीचा फोन यायचा.

"बाबा, आई घरी आल्यावर सोल्डरचा वास येतो. आणि काल त्यांनी यांना सांगितलं, तुझ्या वडिलांमुळे एक रेघ राहिली. काय चाललंय तुमचं?"

"काही नाही. कवळी बसवतोय."

"दोन महिने?"

"जबडा अवघड आहे," कवळीकार म्हणाला, आणि पलीकडच्या खुर्चीतून विहीणबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं फोन ठेवला.

सभेचा दिवस उजाडला. रविवार, सकाळी अकरा. बायकोनं शिकवणीच्या गाडीतून दोघांना आणि पोपटाला वाचनालयापाशी आणलं आणि स्वतः पण वर आली, कारण तिच्या मते तमाशा फुकट होता. विहीणबाई नव्या कवळीनिशी तिसऱ्या रांगेत बसल्या. ओळीमागचं खरं सांगायचं की नाही हे कवळीकारानं त्यांच्यावर सोडलं होतं.

महंतानं स्टॉपवॉच काढलं. दहा सेकंद. ओळ थरथरली. घड्याळ शून्यावर आणलं. श्वास शून्यापासून मोजायला लागला. उजवी अर्धीच हलते का ते भिंग लावून बघितलं. शेवटी महंतानं भिंग खाली ठेवलं आणि कवळीकाराला मिठीच मारली.

"उलगडली!" तो सभेकडे वळून म्हणाला. "त्या महापुरुषाची किमया या माणसाला उलगडली! सांगा, भार कुठं ठेवला जातो?"

टाळ्या पडत होत्या. कवळीकाराला आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कवळी बसली की माणूस आरशात बघतो, कवळीकाराकडे नाही. त्याला मिठीत बरं वाटलं हे खोटं नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि काय बोलणार होता ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"भार नाही हो, चूक आहे ती. माझी."

विहीणबाईंनी उभ्या राहून सगळं सांगितलं. पाचवा कागद, तिसरं दार, फाटकावरचा माणूस, सिनेमा. तिकिटांपाशी लोक हसायला लागले. महंत हसला नाही. त्याचा चेहरा प्लास्टरसारखा घट्ट होत गेला.

"पुरावा?" तो म्हणाला. "बाई, मी यावर चाळीस पानं लिहिली आहेत."

"मी एक रेघ लिहिली नाही," विहीणबाई म्हणाल्या. "तरी माझंच खरं आहे."

मागून कुणीतरी विचारलं, मग ती राहिलेली रेघ आता काढली तर काय होईल? विहीणबाईंनी कवळीकाराकडे पाहिलं. कवळीकारानं बोर्डावरचं एक बटण सरकवलं; त्यामागे ती रेघही होती आणि सातवा-आठवा कागदही. श्वास थांबला, आणि काळ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत आठ रंगांचे पट्टे उतरले, आणि तीन सुरांत एक साधी धून सुरू झाली. एक सूर किंचित बेसूर होता. कुणाला पत्ता नव्हता. साठीचे चाळीस बाप्ये खुर्च्या सारत टीव्हीभोवती जमले. ज्या खेळात आयुष्यभर पांढरा ठिपका पांढऱ्याच ठिपक्यामागे धावत होता, त्यात आता लाल ठिपका निळ्यामागे धावत होता, आणि एक टकलू गृहस्थ शेजाऱ्याला कोपरानं ढकलून म्हणत होते, "माझी पाळी! माझी पाळी!" बायकोनं त्यांना रांग लावायला लावली. वाहतूक तिला कळायची.

नियमावलीचं पहिलं कलम त्या गर्दीत कुणाच्या पायाखाली गेलं ते कळलंच नाही. व्यासपीठावर फक्त महंत उरला, आणि काचेची पेटी. कवळीकाराला वाटलं, आता हा पेटी उचलून तरातरा निघून जाणार. महंत खाली उतरला, विहीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"साहेब," तो म्हणाला, "कसे होते हो?"

विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्ची त्याच्याकडे वळवून घेतली. "बुटके होते," त्या म्हणाल्या. "कामात असले की गुणगुणायचे, आणि गळा इतका वाईट की आम्ही कानात कापूस घालायचो. चष्मा नेहमी हरवलेला. दुसऱ्याची चूक स्वतःच्या नावावर लिहून घ्यायची सवय होती. तुमच्या चाळीस पानांत हे आहे का?"

"नाही," महंत म्हणाला.

"मग घ्या लिहून."

त्यानं खरंच वही काढली. एक वाजता सभागृहाच्या रखवालदारानं दिवे घालवले, तेव्हा दोघं अजून बोलत होती.

पुढच्या मंगळवारी सकाळी कामाच्या खोलीच्या दारात महंत उभा. दोन्ही हातांत काचेची पेटी. कवळीकारानं स्टूल पुढं केलं. महंतानं आधी स्टुलावर नीट पाहून घेतलं, मग बसला.

"हा पाच मिनिटंच का चालवतो, विचारलं नाहीत कधी," तो म्हणाला.

"आम्हाला वाटलं, पवित्र असेल."

"तापतो. सहाव्या मिनिटाला चित्र जातं. दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यापासून चौथ्या मिनिटालाच जातं." त्यानं खिशातून पेटीची किल्ली काढली, आणि ती द्यावी की नाही याचा विचार तिथल्या तिथे पुन्हा एकदा केला. मग विहीणबाईंच्या हातात ठेवली.

पोपट त्यांनी उघडला. आत मधली चिप कडेनं तपकिरी पडली होती. कवळीकारानं ती दाढ काढावी तशी हलक्या हातानं, एकेक पाय सोडवत काढली, महंताच्या रुमालावर ठेवली, आणि तिच्या जागी नवी चिप एका छोट्या पाटीवर बसवून उभी केली. चित्र आलं. दहा सेकंदांनी ओळ थरथरली. पाचवं मिनिट गेलं, सहावं गेलं, दहावं गेलं. महंताच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली.

"झालं," कवळीकार म्हणाला. "अगदी पहिल्यासारखा. रंगबिंग काही लावले नाहीत, काळजी नको."

महंत उठला. पेटीत पोपट ठेवला. झाकण लावायला गेला आणि थांबला.

"आत आहेत मात्र?" त्यानं विचारलं. "म्हणजे, लावायचे म्हटले तर?"

"बटण डाव्या अंगाला आहे," विहीणबाई लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाल्या.

महंतानं दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या जबड्यांकडे पाहिलं. मग हळूच बोट घालून बटण सरकवलं.